अकरावं मशीन

१

मंगळवारी दुपारी एक वाजला की केंद्रातली गडबड ओसरायची. पेशंट निघून जात, तपासणाऱ्या मुली डबे उघडत, आणि जिन्याखालच्या छोट्या खोलीत ताईचं खरं काम सुरू व्हायचं.

केंद्र कानांचं होतं. ऐकू कमी येणारी माणसं इथे येत, त्यांचे कान तपासले जात, कुणाला श्रवणयंत्र मिळे, कुणाचं दुरुस्त होई. ताईचा कानांशी संबंध नव्हता. तिच्याकडे होती मशिनं, म्हणजे संगणक. एकूण दहा, सगळी लिनक्सवर चालणारी. नावं तिनेच ठेवलेली. ज्या खोलीत जे मशीन, त्या खोलीचंच नाव त्याला. नोंदणी, भांडार, कानांचे साचे बनतात तिथलं साचे, मॅडम, आणि पुढे चाचणी-१ पासून चाचणी-६ पर्यंत. सगळ्यांना किल्ली एकच, तीही तिने एकेका मशीनपुढे बसून स्वतःच्या हाताने घातलेली. किल्ली म्हणजे काय, तर आकड्या-अक्षरांची एक लांबलचक फाईल. ती ज्या मशीनमध्ये असेल ते ताईचं ऐकणार. बाकीच्यांनी तिचं ऐकायचं काही कारण नव्हतं.

मंगळवारचं काम म्हणजे पॅकेजेस बदलणं. मशीनमधला प्रत्येक प्रोग्राम कुठल्या ना कुठल्या पॅकेजमधून आलेला असतो, आणि जगात कुठेतरी बसून कुणीतरी त्यातली भोकं बुजवत असतं. बुजवलेलं नवं पॅकेज आणायचं, जुन्याच्या जागी बसवायचं. घरातल्या केरवाऱ्यासारखं काम हे. वेळेवर केलं तर कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, आणि एकदा राहिलं तर सगळे कमरेवर हात ठेवून दारात उभे.

ताई एक आदेश देई. तो नेटवर्कवर सगळीकडे जाई आणि ज्याच्याकडे किल्ली आहे ते मशीन उत्तर देई. स्क्रीनवर पॅकेजेसची यादी सरसर वर सरके. शेवटी प्रश्न येई, 'पुढे जायचं का?' ताई 'हो' टाईप करी आणि डब्याचं झाकण काढी. गेली तीन वर्षं हे असंच चाललं होतं.

त्या मंगळवारी तिने अर्धा डबा संपवला, हात पुसले आणि शेवटची ओळ वाचली.

'पूर्ण: ११ मशिनं. चुका: ०.'

२

आधी तिला वाटलं, आपण वाचण्यात चुकलो. मग वाटलं, मोजण्यात मशीन चुकलं. पण मशीन मोजण्यात चुकत नाही, हे ती स्वतःच सगळ्यांना सांगत आली होती. तिने यादी मागे सरकवली. नोंदणी, भांडार, साचे, मॅडम, मग एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. आणि त्याखाली, तशाच अक्षरांत, चाचणी-७.

केंद्रात चाचणीच्या खोल्या सहाच होत्या.

तिने त्या मशीनमध्ये जाऊन पाहिलं. ते निमूट उघडलं. आत सगळं टापटीप, बाकीच्या चाचणी मशिनांसारखं, तोच कान तपासण्याचा प्रोग्राम, तीच पॅकेजेस. किल्ली घातल्याची तारीख तीन वर्षांपूर्वीची, बाकीच्यांत घातली त्याच दिवसाची. तो दिवस तिला लख्ख आठवत होता. सहा खोल्या झाल्यावर तिची कंबर धरली होती आणि भिंतीला टेकून ती म्हणाली होती, संपलं एकदाचं. नोंदीत दर मंगळवारी एक वाजून दहा मिनिटांनी पॅकेजेस बदललेली दिसत होती. तीन वर्षं. एकही मंगळवार चुकलेला नव्हता. ताईच्या स्वतःच्या नोंदीत मात्र गेल्या मंगळवारपर्यंत दहाच होती.

उरलेला डबा तिने तसाच झाकला आणि मामांना गाठलं. मामा केंद्राचे शिपाई, इमारतीइतकेच जुने. सगळ्या चाव्या त्यांच्या कमरेला.

"मामा, सात नंबरची खोली कुठेय?"

"सात?" मामांनी कपातला चहा संपवला. "ताई, सहाच्या पुढे भिंत आहे. आणि भिंतीच्या पुढे रस्ता."

"पूर्वी कधी असेल?"

"पूर्वी तर सहासुद्धा नव्हत्या, चारच होत्या. तुम्हाला एक खोली कमी पडतेय का? पडत असेल तर माझी चहाची घ्या. पण स्टोव्ह द्यायचा नाही."

ताई हसली. हसून बरं वाटलं, पण तेवढ्यापुरतंच. तारा सगळ्या जिथे येऊन मिळतात तो डबा तिने उघडला आणि एकेका तारेवर बोट ठेवून मोजलं. दहा मशिनांच्या दहा, एक तिच्या लॅपटॉपची, एक बाहेर जाणारी. बारा तारा, बारा हिरवे दिवे. तेरावी तार नव्हतीच.

घरी निघताना ती कॉरिडॉरच्या टोकाला गेली आणि आजूबाजूला कुणी नाही असं बघून भिंतीवर टकटक केलं. भिंत भरीव होती. आपणच आपल्याला खुळ्यासारखे दिसतोय असं वाटून ती झपझप परत फिरली.

३

हरवलेलं मशीन शोधायची एक युक्ती या कामातल्या सगळ्यांना ठाऊक असते. मोठ्या ठिकाणी असं होतं की मशीन तर हुकूम पाळतंय, पण ते कुठल्या कपाटामागे पडलंय हे कुणालाच माहीत नाही. मग त्याला आवाज करायला लावायचा आणि कान टवकारून फिरायचं. बीप नावाचं एवढंसं पॅकेज असतं. ते मशीनच्या पोटातल्या भोंग्यातून टुक असा आवाज काढतं. त्याला दुसरं काहीही येत नाही.

शनिवारी दुपारी केंद्र बंद झाल्यावर ताई थांबली. मोठ्या मॅडमही थांबल्या. त्या केंद्राच्या प्रमुख. सगळं आयुष्य लोकांचे कान तपासण्यात गेलेलं, आणि स्वतःचे कान असे तिखट की भांडारातली ट्यूबलाईट जायला आलीये हे त्या कॉरिडॉरमधून सांगत.

"म्हणजे लपाछपीच की," सगळं ऐकून मॅडम म्हणाल्या.

"तसंच समजा."

"आणि राज्य आपल्यावर. चला."

ताईने चाचणी-७ वर बीप बसवायचा आदेश दिला. 'पुढे जायचं का?' हो. पाच-पाच सेकंदांनी आवाज कर, असं सांगून तिने लॅपटॉप उघडा ठेवला आणि दोघी निघाल्या.

बंद केंद्रातली शांतता निराळीच असते. खाली जाड गालिचा, भिंतींना फोम, स्वतःचं पाऊलही स्वतःला ऐकू येत नाही. चाचणीच्या प्रत्येक खोलीचे दोन भाग. बाहेर तपासणाऱ्याचं टेबल आणि मशीन. आत पेशंटची छोटी खोली, तिला गाद्यांसारख्या करड्या भिंती, वीतभर जाडीचं दार आणि मधे दुहेरी काच. आत पेशंटने कानाला हेडफोन लावून बसायचं आणि आवाज ऐकू आला की बोट वर करायचं. त्या एक नंबरपासून सुरू झाल्या. एकमध्ये काही नाही. दोनमध्ये नाही, तीनमध्ये नाही.

चार नंबरमध्ये मॅडम आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. काचेतून त्यांनी ताईकडे पाहिलं आणि सवयीने बोट वर केलं. थोड्या वेळाने परत केलं. ताईने घड्याळात पाहिलं. दर पाच सेकंदांनी.

ती धावत आत गेली. तिला काहीच ऐकू येईना, फक्त स्वतःच्या छातीतली धडधड.

"तुला येत नाहीये?" मॅडमनी विचारलं. त्यांनी दोन्ही तळहातांनी कान घट्ट झाकले आणि जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग अगदी तपासणीच्या आवाजात म्हणाल्या, "झाकले तरी तेवढाच येतोय. म्हणजे बाहेरून नाही. माझेच कान वाजतायत, झालं. वय झालं माझं."

"मॅडम, पण पाच सेकंदांनी?"

"थांबला," मॅडम म्हणाल्या.

ताईने तो थांबवला नव्हता.

जिन्याखालच्या खोलीत लॅपटॉप उघडाच होता. चाचणी-७ च्या नोंदीत दोन नव्या ओळी होत्या. बीप बसवलं, आदेश ताईचा. आणि त्याखाली, बावीस मिनिटांनी: बीप काढून टाकलं. आदेश नेटवर्कवरून आला नव्हता. कुणी मशीनच्याच कीबोर्डवर टाईप केलं तर नोंदीत जशी खूण पडते, तशी खूण तिथे होती.

म्हणजे त्या मशीनसमोर कुणीतरी बसलेलं होतं.

ताईने परत बीप बसवलं. ती बघत असतानाच ते काढलं गेलं. तिने तिसऱ्यांदा आदेश दिला. यादी सरकली, प्रश्न आला, 'पुढे जायचं का?' तिचे हात मांडीवर होते. तिच्या डोळ्यांदेखत त्या प्रश्नापुढे एकेक अक्षर उमटलं.

'नाही.'

४

सोमवारी सकाळी मामा दारातच उभे होते.

"ताई, तुमची मशिनं बोलायला लागलीत."

"म्हणजे?"

"मी आठ वाजता दार उघडलं तेव्हा सहा नंबरचं टुकटुक करत होतं. ते गप्प झालं तर पाचचं सुरू. आता चारचं चाललंय. रांगेने येतायत हो."

पर्स खांद्यावर तशीच ठेवून ताई धावली. ती पोचेपर्यंत चार गप्प झालं होतं आणि तीन वाजत होतं. तिने चारची नोंद उघडली. बीप बसवलं, बीप काढलं. आदेश कुठून? चाचणी-७ वरून. आदेशाचे शब्द तिने वाचले. तिने शनिवारी जे टाईप केलं होतं तेच, अक्षराला अक्षर. पाच सेकंदसुद्धा तेच.

हे पॅकेज मशीनमध्ये कशासाठी बसवतात ते तिला पुरतं ठाऊक होतं. मशीन कुठे आहे ते कळत नसलं की बसवतात. शनिवारी राज्य तिच्यावर होतं. आता ते तिच्यावर राहिलं नव्हतं.

दोन वाजलं, एक वाजलं. मॅडमचं वाजलं, साच्यांच्या खोलीतलं वाजलं, भांडारातलं वाजलं. मग नोंदणीचं, आणि बाकावर बसलेल्या पेशंटांपैकी ज्यांना ऐकू येत होतं त्यांनी माना वर केल्या. प्रत्येक ठिकाणी तो आवाज मिनिट-दोन मिनिटं रेंगाळे, जणू कुणी कान लावून अंदाज घेतंय, आणि इथे नाही असं ठरवून पुढे सरके. ताई प्रत्येक वेळी एक खोली मागे पडत होती.

मग सगळं शांत झालं. नोंदणीतल्या मुलीने सुस्कारा सोडला. आणि जिन्याखालून, बंद दारामागून, टुक.

तिचा लॅपटॉप. झाकण मिटलेला, टेबलावर, तार तशीच जोडलेली.

तिने तो उघडला, बीप काढून टाकलं. ते परत बसलं. परत काढलं, परत बसलं. मग तिने नेटवर्कची तार उपटली. तार निघाल्यावर बाहेरून आदेश येऊच शकत नाही, एवढं तरी या जगात पक्कं होतं. ती लॅपटॉपकडे बघत राहिली. पाच सेकंद गेले.

टुक.

त्या दिवशी मॅडमनी सगळे पेशंट परत पाठवले, कारण विचारलं नाही. ताईने लॅपटॉप पुसून कोरा केला. मग दहाही मशिनं एकेक करून कोरी केली आणि पहिल्यापासून सगळं नव्याने बसवलं. जुनी किल्ली मोडली, नवी घडवली, आणि या वेळी एकेका मशीनपुढे बसून मोठ्याने आकडा म्हणत ती आत घातली. मामा शेजारी स्टूल टाकून बसले होते. "दहा," ते शेवटी म्हणाले. "मी साक्षीदार."

दुसऱ्या दिवशी मंगळवार. तिने आदेश दिला, यादी सरकली, तिने 'हो' टाईप केलं.

'पूर्ण: १० मशिनं. चुका: ०.'

तिने ती ओळ तीनदा वाचली आणि मग जेवली, पोटभर.

५

ताई वडिलांबरोबर राहत असे. बाबांची हयात छापखान्यात गेली होती, आणि छपाईच्या धडधडीने त्यांचे कान तिथेच राहिले. ताईच्याच केंद्रातून आणलेलं श्रवणयंत्र ते दिवसभर लावत. यंत्र काढलं की त्यांच्या शेजारी ताट पडलं तरी मान वळत नसे.

बुधवारी सकाळी ते खिडकीशी पेपर वाचत बसले होते. ताई केस विंचरत होती.

"अगं, हे काय टुकटुक चाललंय मघापासून?"

कंगवा केसांतच राहिला. टेबलावर श्रवणयंत्राची डबी होती. ती उघडी होती आणि यंत्र तिच्यात होतं. लॅपटॉप तिने केंद्रातच कुलपात ठेवला होता. घरात दुसरं मशीन नव्हतं.

"बाबा, कुठून येतोय आवाज?" तिने विचारलं. बाबांनी पेपरचं पान उलटलं. तिचं बोलणं त्यांना ऐकूच गेलं नव्हतं.

तिने यंत्र त्यांच्या कानात बसवलं. "आता येतोय?"

"आता तुझा आवाज येतोय. तो गेला."

तिने यंत्र काढलं. बाबांचा चेहरा फुलला. "आला बघ परत!" आणि केंद्रात इतक्यांदा तपासणी झालेली असल्याने त्यांचं बोट आपोआप वर गेलं. खाली आलं. परत वर गेलं. ताईला घड्याळ बघायची गरज नव्हती, ती मनातल्या मनात मोजत होती आणि प्रत्येक वेळी बरोबर येत होतं.

"इतक्या वर्षांनी बिनयंत्राचं काहीतरी ऐकू येतंय," बाबा म्हणाले, "आणि तू सुतक असल्यासारखी काय उभी?"

तिने कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: कुठून येतोय?

बाबांनी मान तिरकी केली, डोळे मिटले, बराच वेळ ऐकलं. "लांबून येत होता," ते म्हणाले. "आता जवळून येतोय."

६

कान आतून वाजतात. वाढत्या वयात होतं, कमी ऐकणाऱ्यांना तर फारच. त्याला नाव आहे, त्याच्यावर पुस्तकं आहेत. गुरुवारी बाबांना केंद्रात नेताना ताई हेच घोकत होती. मॅडमनी तपासून एकदा तसं म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. शनिवारी मॅडमनाही तो ऐकू आला होता, हा विचार ती मनात शिरू देत नव्हती.

चार नंबर मोकळी होती. बाबा आत जाऊन खुर्चीत बसले. खुर्ची पाठमोरी असते, तपासणाऱ्याचे हात पेशंटला दिसू नयेत म्हणून. मॅडमनी त्यांना हेडफोन लावले, वीतभर जाडीचं दार लोटलं आणि बाहेर टेबलाशी येऊन बसल्या. ताई त्यांच्यामागे उभी राहिली.

बाबांचं बोट वर गेलं.

"छान," ताई म्हणाली. "ऐकू आलं त्यांना."

बोट खाली आलं. परत वर गेलं.

"मॅडम, किती आवाजाला?"

"मी अजून काही पाठवलेलंच नाही," मॅडम हळूच म्हणाल्या. त्यांचे दोन्ही हात टेबलाच्या कडेवर होते.

मग त्यांनी आवाज पाठवले, बारीक, जाड, मोठे, फार मोठे. बाबा ढिम्म. फक्त आपल्या लयीत बोट वर, बोट खाली. आणि ताईच्या लक्षात आलं की ते समोरच्या भिंतीकडे बघतायत. रिकाम्या भिंतीकडे माणूस जसा बघतो तसं नाही. मान जराशी पुढे, खांदे अदबशीर. समोर कुणी बसलं असलं की बसतात तसे.

तिने त्या भिंतीकडे पाहिलं. करड्या गाद्यांच्या मधोमध एक काच होती. या बाजूच्या काचेएवढीच, दुहेरी. काचेपलीकडे दिवा होता, टेबल होतं, मशीन होतं. मशीनसमोर कुणीतरी बसलं होतं.

प्रतिबिंब, ताईने स्वतःला सांगितलं. आपलीच काच, आपलाच दिवा, दोन काचांमधला खेळ. तिने जरा धीर धरून परत पाहिलं. प्रतिबिंब असेल तर डोकी दोन दिसायला हवीत, मॅडमचं आणि मागे तिचं. तिकडे एकच होतं. ते खाली झुकलेलं होतं, यादी वाचणाऱ्या माणसासारखं. बाबांचं बोट वर गेलं तशी त्या माणसाने काहीतरी टिपून घेतलं. मग लिहायचं थांबवलं, आणि बाबांच्या खांद्यावरून, या बाजूच्या काचेकडे, डोकं हळूहळू वर व्हायला लागलं.

ताईने दार खेचलं. दार जड होतं, दोन्ही हातांनी ओढावं लागलं. ती आत शिरली तेव्हा समोर करड्या गाद्या होत्या, सलग, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत.

"झालं इतक्यात?" बाबा म्हणाले.

तिने त्यांच्या कानात यंत्र घातलं. "चला. घरी चला."

"चल. पण या बाई फार चांगल्या आहेत हं. घाई करत नाहीत."

"मॅडम? त्यांना तर तुम्ही ओळखता."

"या नव्हेत गं," बाबा म्हणाले. "पलीकडच्या."

मॅडम टेबलाशीच बसून होत्या. त्यांनी काय पाहिलं हे ताईने विचारलं नाही. त्या दिवसापासून चार नंबरच्या दाराला मामांचं कुलूप लागलं, आणि ते लावायला मॅडमनीच सांगितलं.

७

ताईने काम सोडलं. मामांनी जाताना तिला आपल्या चहाच्या खोलीत बसवून चहा पाजला आणि म्हणाले, "दहा आहेत ताई, मी रोज मोजतो." तिने मान हलवली.

घरात तिने एकही मशीन ठेवलं नाही. फोन होता तो शेजारच्या काकूंकडे ठेवायला दिला. महिना गेला. तिला स्वतःला एकदाही काही ऐकू आलं नव्हतं.

बाबा मात्र यंत्र लावीनात. लावलं की ऐकू येत नाही, म्हणत. ताई पहिले काही दिवस भांडली, रडली, जबरदस्तीने कानात घाली. ते शांतपणे काढून डबीत ठेवत. बोट वर करणं त्यांनी सोडून दिलं होतं. आता तो आवाज टुकटुक राहिला नव्हता, असं तेच एकदा म्हणाले. मग काय झालाय, असं तिने कागदावर लिहून विचारलं. बाबा समजुतीचं हसले आणि कागद घडी करून खिशात ठेवला. दुपारी जेवण झालं की ते खुर्ची भिंतीकडे वळवून बसत आणि मधूनच एखादा शब्द बोलत. "हो." कधी "नाही." बराच वेळ गप्प. मग "हो, आठवतं मला." शेजारून बघणाऱ्याला वाटावं, एखादा म्हातारा माणूस लांबच्या नातेवाइकाशी निवांत फोनवर बोलतोय.

ताई त्यांच्याजवळच बसे. त्यांना एकटं सोडायचं नाही, एवढंच तिने ठरवलं होतं. आईच्या माघारी ते दोघंच होते एकमेकांना.

एका दुपारी ती मटार सोलत बसली होती. बाहेर मुलं खेळत होती, ऊन फरशीवर आलं होतं. बाबा बराच वेळ ऐकत होते.

"आहे की," ते म्हणाले.

ताईचे हात थांबले.

"हो, घरीच आहे. नाही, कुठे जात नाही हल्ली. इथेच, माझ्या शेजारी बसलीये."

ताटली फरशीवर आपटली, मटार सगळीकडे पांगले. बाबांनी मान वळवली नाही. तिने उठून मागून त्यांच्या तोंडावर हात दाबला. "बाबा, नको," ती म्हणाली, "नका सांगू, बाबा, नका ना," पण तिचा आवाज त्यांना ऐकू येत नव्हता, ऐकू येत होता तो दुसराच. तळहाताखाली त्यांचे ओठ हलत राहिले. तिने दुसराही हात वर ठेवला. ओठांच्या हालचालीवरून तिला शब्द कळत होते. दुसरा मजला. डावीकडचं दार. आणि मग अगदी सावकाश, लिहून घेणाऱ्याला सांगावं तसं एकेक अक्षर सुटं करून, त्यांनी तिचं नाव सांगितलं.